फरक ६.३ ग्रॅम

हिशेब खात्यातल्या माणसाला खूश करणं हे कंपनीतलं सगळ्यात स्वस्त काम आहे. सेल्सवाल्याला गोवा लागतो, आय.टी.वाल्याला दर दोन वर्षांनी नवा लॅपटॉप लागतो, आणि मालकाला खूश करायला काय लागतं हे अजून मालकालाही उमगलेलं नाही. हिशेबनिसाला फक्त बँकेचं रिकन्सिलिएशन पहिल्या फटक्यात जुळलेलं लागतं. पण ही गोष्ट एच.आर.च्या कानावर कुणी घातलेली नसते. त्यामुळे ते आमच्यासाठी फुगे आणतात.

वास्तविक या विषयावरचा मूळ अभ्यास आमच्यावरच झालेला आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली कामातल्या समाधानावर एक पुस्तक काढलं. एम.बी.ए.ची पोरं त्यातला सिद्धांत परीक्षेपुरता पाठ करतात, पण हर्झबर्गनं माणसं कुठून गोळा केली हे त्यांना विचारलं तर ती खिडकीबाहेर बघतात. पिट्सबर्ग भागातले दोनशेच्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंट, ही ती माणसं. त्यांना साधे प्रश्न विचारले: कामावर असताना फार बरं वाटलं, असा एखादा प्रसंग सांगा. फार वाईट वाटलं, असा एखादा सांगा.

उत्तरांतून निघालं ते असं. पगार, साहेब, कंपनीचे नियम, बसायची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस वैतागतो. पण त्या सुधारल्या की वैताग तेवढा थांबतो, आनंद काही होत नाही. आनंद निराळ्या खिडकीतून येतो: काम जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. पहिल्या गटाला हर्झबर्गनं स्वच्छतेच्या पंगतीत बसवलं, आणि ते अगदी चपखल आहे. ऑफिसच्या बेसिनवरचा साबण बघा. एक दिवस नसला तर ॲडमिनला सतरा मेल जातात. रोज असतो म्हणून आजवर एकही आभाराचा मेल गेलेला नाही. आमच्या खात्याचंही तेच. पगार एक तारखेला जमा झाला तर फोन वाजत नाही. दोन तारखेला वाजायचा थांबत नाही.

तर आमच्या कंपनीनं हिशेब खात्याला खूश करायचं ठरवलं. एच.आर.च्या मॅडमनी विचारलं, कुठला दिवस बरा? त्यांना वाटलं, कॅलेंडरमध्ये बघून सांगतील. आमच्या टीडीएसवाल्यानं कॅलेंडर काढलंच. सात तारखेला टीडीएस भरायचा. अकराला जीएसटीआर-१. पंधराला पीएफ. वीसला ३बी. म्हणजे महिन्यातले उरले शेवटचे दहा दिवस, त्यात महिन्याचं क्लोजिंग. एप्रिल, मे सोडा, ऑडिटर बसलेले असतात. जुलैअखेर विवरणपत्रं, सप्टेंबरअखेर ऑडिट रिपोर्ट. मॅडम म्हणाल्या, मग एक जुलै घेऊ या का, तो तुमचा सी.ए. डे असतो ना? असतो. १९४९ साली त्या दिवशी चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पण त्याच दिवशी डॉक्टर्स डे असतो आणि महाराष्ट्रात कृषी दिनही असतो, त्यामुळे हारतुरे तिकडे जातात. आम्हाला एकदाच त्या तारखेला सरकारकडून भेट मिळाली. २०१७ चा एक जुलै. जीएसटी.

शेवटी नोव्हेंबरातला शनिवार ठरला. तेवढ्यात मुदतवाढ आली. २०२५ साली ऑडिट रिपोर्टची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबरला आणि तिथून १० नोव्हेंबरला सरकली, हे वाचकांतल्या दुःखी लोकांना आठवत असेल. बाहेरच्यांना वाटतं, मुदतवाढ मिळाली की हिशेबनीस पेढे वाटतात. अहो, ज्यांनी कागद दिलेले नसतात ते पेढे खातात. आमचं मरण फक्त लांबतं.

ठिकाण ठरलं कासार आंबोली. आमच्यातल्या एकानं फोनवर नुसतं 'आंबोली' टाकलं आणि सावंतवाडीच्या वरचा घाट दिसल्यावर स्वेटर आणि दोन रात्रींचे कपडे भरले. आपली कासार आंबोली मुळशीतली. पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागायचं, भूगावची मंगल कार्यालयं ओलांडायची (मुहूर्त असेल तर ओलांडता येत नाहीत, वऱ्हाडात सामील व्हावं लागतं), भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा, आणि मग पौड यायच्या आत कासार आंबोली. रस्त्यावर झाडांपेक्षा एन.ए. प्लॉटचे फलक जास्त. विकलेल्या जमिनीच्या पैशाचं पुढं काय होतं हे २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न'नं दाखवलं आहे. आमच्या टॅक्सच्या बाई तो सिनेमा बघून खरोखर रडल्या होत्या. एवढी जमीन विकली, आणि कलम ५४बी खाली दुसरी शेतजमीन घेऊन सूट घ्यायचं एकाच्याही मनात आलं नाही, म्हणून.

फार्महाउस छान होतं. भाताची कापणी उरकलेली, खाचरांत नुसती धसकटं, कडेला पेंढ्यांची उडवी, हवेत तो ओलसर गोड वास. एखाद्या कवीनं वही काढली असती. आमच्या माणसांनी आल्याआल्या विचारलं, जागेचं भाडं पूर्ण दिवसाचं की अर्ध्या?

आधी माइकवाला प्रशिक्षक आला. त्यानं सगळ्यांना एकेक फॉर्म दिला. 'कामावर मला आनंद वाटतो', 'माझ्या मताला किंमत आहे', अशी विधानं आणि पुढं रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे, एक ते पाच गुणांचे. आमच्या लोकांनी कागद हातात पडल्याबरोबर सवयीनं खाली बेरीज केली. एकानं विचारलं, सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत द्यायची की राउंड ऑफ चालेल? दुसऱ्यानं विचारलं, 'आनंद वाटतो' याला आधार म्हणून काही जोडायचंय का? प्रशिक्षकानं फॉर्म गोळा केले आणि पुढचा खेळ घेतला. शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघा आणि त्याच्याबद्दल मनापासून एक चांगली गोष्ट सांगा.

आमचे कॅशियर काका, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या शेजारी डिस्पॅचचा हिशेब बघणारा पोरगा. काकांनी त्याच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. "याची व्हाउचरं वेळेवर येतात," म्हणाले.

पोरगा लाजला. त्याला तीन वर्षांत कुणी एवढं बोललं नव्हतं. हर्झबर्ग असता तर त्यानं वहीत खूण केली असती.

मग आल्या साबणाच्या ताई. पौडकडच्या बचत गटातल्या, स्वतः साबण करून विकणाऱ्या. एच.आर.नं 'क्रिएटिव्ह ॲक्टिव्हिटी' म्हणून त्यांना बोलावलं होतं: वनस्पती तेलांपासून पारदर्शक साबण. ताईंनी टेबलावर तीन बरण्या मांडल्या. खोबरेल ५०० ग्रॅम, एरंडेल ३००, पाम तेल २००. खोबरेलानं फेस होतो, पाम तेलानं वडीला घट्टपणा येतो, आणि एरंडेलानं साबण काचेसारखा व्हायला मदत होते. लहानपणी नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाला आयुष्यात एवढं मानाचं स्थान असेल हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

"यात चरबी नाही ना?" टॅक्सच्या बाईंनी विचारलं. ताई म्हणाल्या, औषधालाही नाही.

हा प्रश्न मुंबईत शंभर वर्षांपूर्वी गाजलेला आहे. तेव्हाच्या साबणांत सर्रास जनावरांची चरबी असायची, आणि सोवळ्यातल्या मंडळींची अंघोळ त्यामुळे धर्मसंकटात सापडायची. कुलपं आणि तिजोऱ्या करणाऱ्या अर्देशीर गोदरेजांनी १९१९ च्या सुमारास निव्वळ वनस्पती तेलांचा साबण काढला. पुढं रवींद्रनाथ ठाकूरांनीही गोदरेजच्या साबणाची शिफारस केली. पण हिशेबनिसांना यातली आवडणारी गोष्ट निराळी आहे. गोदरेजांनी बाजारात आधी 'नंबर दोन' आणला, 'नंबर एक' नंतर आला. कारण विचारलं तर म्हणे, नंबर दोन एवढा चांगला आहे म्हटल्यावर नंबर एक कसा असेल, या विचारानं लोक वाट बघतील. आधी दोन नंबरचं काढायचं आणि मग एक नंबरात यायचं, ही वाट पुढं बऱ्याच धंद्यांनी धरली. साबण मात्र त्यांनी काढला नाही.

ताईंनी हातमोजे, चष्मे वाटले आणि दटावून सांगितलं, "कॉस्टिक पाण्यात सोडायचा, कॉस्टिकवर पाणी वतायचं न्हाई. उकळी फुटून अंगावर येतंय." मग त्यांनी पाठ केलेलं सांगितलं. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा ठरलेला असतो. खोबरेलाच्या एका ग्रॅमला ०.१८३ ग्रॅम, एरंडेलाला ०.१२८, पामला ०.१४१. कॉस्टिक जास्त पडला तर साबण कातडी जाळतो. कमी पडला तर तेल शिल्लक राहतं. साध्या साबणात थोडं तेल शिल्लक राहिलेलं चालतं, उलट कातडी मऊ राहते म्हणून लोक मुद्दाम ठेवतात. पारदर्शक साबणात नाही चालत. शिल्लक तेल वडीत धुक्यासारखं दिसतं.

इथं आमच्या खात्यात पहिल्यांदा हालचाल झाली. सकाळपासून खुर्चीत घसरलेली माणसं सरळ बसली. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, आणि नाही जुळल्या तर लपवायला जागा नाही, हे ऐकल्यावर कुणाला झोप येईल?

ताईंच्या कागदावर लिहिलं होतं: कॉस्टिक १५१.८ ग्रॅम. त्यांनी काट्यावर वाटी ठेवली. काकांनी खिशातून सिटिझनचा कॅल्क्युलेटर काढला. ते तो लग्नालाही नेतात.

"ताई, थांबा. पाचशे गुणिले पॉइंट एक आठ तीन, एक्क्याण्णव पॉइंट पाच. तीनशे एरंडेलाचे अडतीस पॉइंट चार. पामचे अठ्ठावीस पॉइंट दोन. बेरीज एकशे अठ्ठावन्न पॉइंट एक येते. तुमच्याकडे एकशे एक्कावन्न पॉइंट आठ कुठून आलं?"

"मागल्या वहीतनं उतरवलंय, काका."

काका क्षणभर छताकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी ताळेबंद जुळल्याच्या रात्रींशिवाय कधी पाहिलेलं नाही. "फरक ६.३. त्रेसष्टला नवानं भाग जातो. आकडे उलटे पडलेत. आठ-एकचे एक-आठ झालेत."

ज्यांनी कधी हातानं वह्या लिहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. दोन शेजारचे आकडे अदलाबदल झाले की फरकाला नेहमी नवानं भाग जातो. हिशेबनिसांच्या घराण्यात ही विद्या बापाकडून मुलाकडे येते. टॅलीनं ती मारत आणली होती. कासार आंबोलीच्या पडवीत ती पुन्हा उठून बसली.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अगो बाई! म्हणूनच गेल्या खेपंला वड्या ढगाळ आल्या. मी एरंडेलवाल्याशी भांडून आले ना!"

६.३ ग्रॅम कॉस्टिक कमी म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास तेल बेवारस राहिलेलं. ढग त्याचेच. काकांनी ताईंचा कागद मागून घेतला. चुकीचा आकडा एकाच रेघेनं खोडला, तो खालून वाचता येईल असा. वर बरोबर आकडा लिहिला. शेजारी छोटी सही आणि तारीख. व्हाइटनरला त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. मग कागद परत देताना म्हणाले, "एरंडेलवाल्याला क्रेडिट नोट द्या."

त्यानंतर दुपार कशी गेली कळलं नाही. तेलं तापली, कॉस्टिक पडला, मिश्रण पिठल्यासारखं घट्ट होत गेलं. पुढं त्यात अल्कोहोल ओतायचं होतं. रेक्टिफाइड स्पिरिटला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, म्हणून ताईंनी आयसोप्रोपिल आणलं होतं. ते पिण्यातलं नव्हे हे कळल्यावर दोघांचा साबणातला रस कमी झाला, पण बाकीच्यांचा वाढला. गॅस बंद करून, भांडं गरम पाण्यात ठेवून, झाकण लावून साबण त्यात विरघळवला. मग ग्लिसरीन. मग साखरेचा पाक. आमच्या जीएसटीवाल्यानं तेवढ्यात वाद काढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ झाला, पण तो वडीच्या रूपातल्या साबणाला. म्हणजे हे पातेल्यात आहे तोवर अठरा, आणि साच्यात गोठलं की पाच? कर पातेल्यावर नसतो, विक्रीवर असतो, असं सांगून त्याला गप्प केलं, पण तो शेवटपर्यंत पातेल्याकडे संशयानं बघत होता. जाता जाता त्यानं ताईंची उलाढाल विचारून घेतली आणि चाळीस लाखांच्या आत आहे तोवर नोंदणीच्या भानगडीत पडू नका, असा सल्ला फुकट दिला. सी.ए.नं फुकट दिलेला सल्ला हाही एक ऐतिहासिक प्रसंगच.

आता साबणाच्या पारदर्शकतेबद्दल थोडं, कारण यात लोकांची मोठी गैरसमजूत आहे. पिअर्सची वडी उजेडाला धरून बघत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, आणि आरपार दिसतं म्हणजे शुद्ध, अशी आपली खात्री झाली. प्रकार वेगळा आहे. साधा साबण थंड होताना त्याचे बारीक स्फटिक होतात, उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो, म्हणून वडी पांढरी दिसते. अल्कोहोल, ग्लिसरीन आणि साखर हे स्फटिक मोठे होऊ देत नाहीत, म्हणून उजेड सरळ पलीकडे जातो. म्हणजे पारदर्शकता काही काढून टाकल्यानं येत नाही, घातल्यानं येते. आणि जेवढं हे घालाल तेवढा वडीत साबण कमी. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ७६ टक्के टी.एफ.एम., म्हणजे तेलातून आलेला ऐवज, लागतो. वेष्टनावर 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर ४० टक्क्यांवरही भागतं. घरातली वडी उलटी करून बघा.

महाराष्ट्राला हे कळायला अवघड जाऊ नये. साखर आणि स्पिरिट, दोन्ही एकाच कारखान्यातून निघतात. पारदर्शकतेच्या कच्च्या मालाला आपल्याकडे तोटा नाही.

आमच्या धंद्यातही चकचकीत ताळेबंद हातात आला की जुना माणूस आधी तळटिपा वाचतो. सत्यम कंपनीला २००८ साली उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनीच पत्र लिहून सांगितलं की पुस्तकातली पाच हजार कोटींच्या वरची रोकड आणि बँक शिल्लक प्रत्यक्षात नाहीच. वडीतून आरपार सगळं दिसत होतं. फक्त साबण नव्हता.

हसण्याच्या ओघात एक सांगितलंच पाहिजे. २०२४ साली पुण्यातच एक तरुण सी.ए. मुलगी नोकरीला लागून काही महिन्यांत गेली, आणि कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईनं लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांत फुगे आणि स्मायलीचे फॉर्म वाढले. आमच्याकडची नवी पोरं ते फॉर्म रात्री साडेदहाला, ऑफिसात बसून भरतात. बसून का असतात, तर कुणीतरी दोन महिन्यांपूर्वीचं टॅक्सीचं बिल संध्याकाळी सहाला आणून दिलेलं असतं, आणि वर 'फक्त पाच मिनिटांचं काम आहे' म्हटलेलं असतं.

आमच्या वड्या चांगल्या झाल्या. अल्कोहोल उडून पूर्ण स्वच्छ व्हायला काही आठवडे लागले. काकांनी त्यांची वडी छापील मजकुरावर ठेवून अक्षरं वाचून दाखवली आणि ती न वापरता ड्रॉवरमध्ये, कॅश बुकाशेजारी ठेवली. एच.आर.नं अहवालात लिहिलं की साबणाच्या ॲक्टिव्हिटीला सर्वांत जास्त गुण मिळाले, त्यामुळे पुढच्या वेळी मेणबत्त्या करायच्या.

मेणबत्त्या नकोत. त्याऐवजी प्रत्येक खात्यानं एवढंच करावं: खर्चाची बिलं त्या त्या महिन्याच्या २५ तारखेच्या आत द्यावीत, हॉटेलात बिल घेताना कंपनीचा जीएसटी नंबर टाकून घ्यावा, आणि थर्मल कागदावरची पावती अक्षरं उडायच्या आत झेरॉक्स करून जोडावी.